तान्ह्या पोळ्याचं राहिलेलं नाणं

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या वाचकांनो, मागच्या वेळी सांगितलेलं विसरलाच असाल: बोलते मी, टाइप करते नात चित्रा. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुकांची तक्रार तिच्याकडे.

गेल्या श्रावणात आमचे हे गेले. तान्हा पोळा तोंडावर होता. त्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, पडतात. म्हातारपणी मीही नातीचा बैल ओढत यांच्यापुढं उभी राहायची. "काय मागून राहिली वं बुढे?" म्हणत हे चांदीचं नाणं ठेवायचे. नागपूरचा एक सराफ सणासणाची नाणी काढतो. पोळ्याच्या नाण्यावर बैल, दरवर्षी झूल वेगळी. गेल्या सालचं तेवढं राहिलं. ते आणायला यंदा मी आणि चित्रा निघालो.

पारशिवनीहून सकाळची एसटी धरा, मागची सीट टाळा. कंबर तिथंच राहते. पंच्याहत्तरी ओलांडल्यानं मला तिकीट नाही, चित्राला बायकांचं अर्धं. उतरून तर्री-पोहे खाल्ले, मग ऑटोनं धरमपेठ. सराफाकडं जुनी नाणी संपलेली. त्यानं मागच्या गल्लीतल्या एका संग्राहकाचं घर दाखवलं.

तिथं होतं! बंद पाकिटात. झुलीवर मोर.

"हळदकुंकू लावू नका आजी, किंमत जाते," संग्राहक म्हणाला.

मी पदराची गाठ सोडली. माझी सगळी नाणी हळदीनं पिवळी.

"हे तं पुजून ठेवले तुम्ही!"

"मंग काय लोणचं घालू?"

तो हसला. चित्रानं पैसे काढले. पाकीट माझ्यापुढं आलं आणि माझा हात आपोआप मागं गेला.

"काहून वं आजी? याच्यासाठीच तं आलो."

"बोजारा विकत नाही घेत, बाई. देणाऱ्यानं द्या लागते."

"मंग मी देते ना."

"तू यंदापासून दे. ते साल त्याईचं हाये."

संग्राहकानं पाकीट कपाटात ठेवलं आणि आम्हाला चहा पाजला.

घरी येऊन देवापुढं नाणी ओळीनं मांडली. शेवटी एक जागा मोकळी सोडली. फेरी फुकट गेली असं चित्राला वाटतं. मला नाही. मी तिथवर गेले नसते तर ते नाणं दुकानात मिळेल, असंच मनात राहिलं असतं.

आता पोळ्याला कानोले, म्हणजे तुमच्या करंज्या, पाठवा. खोबऱ्याचे, साखर बेतानं. डब्यात एक जास्त घाला. तो मी खाणार नाही, यांच्यासाठी ठेवीन.