झडपेला घातलेला हार

आमच्या बॉयलर सर्व्हिसिंगच्या धंद्यात किस्से काजळीसारखे साठतात. रोज थोडे थोडे, आणि झटकायला जावं तर अंगावरच! त्यात माझा जीव मुळातच अस्वस्थ. काम उरकून अंबरनाथ पश्चिमेला घरी पोचलो तरी डोकं चिमणीतच.

त्या चिमणीच्या पाइपवर एक झडप असते, वजनाच्या तोलावर हलणारी. चिमणी जास्त ओढायला लागली की झडप आत झुकते, खोलीतली थोडी हवा घेते आणि ओढ जागेवर येते. बस, एवढंच. पण तिला कोणी सुखानं हलू देईल तर शपथ!

*

उल्हासनगरचे एक शेठ. मी झडप बसवली, बॉयलर गरम झाल्यावर गेज लावून सेट केली, चहा पिऊन आलो. पुढच्या आठवड्यात जाऊन बघतो तर झडपेवर पत्रा वेल्ड केलेला!

"शेठ, ये क्या किया?"

"अरे साईं, इतने अच्छे पाइप में तुम छेद छोड़ गए थे. मैंने बंद करवा दिया. थँक्यू बोलने की ज़रूरत नहीं!"

*

माझा जोडीदार गायकवाड. हात चांगला, पण घाई फार. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यानं झडप तिरकी बसवली. तिचा दांडा लेव्हलमध्ये नसला तर ती अडकते. मी स्पिरिट लेव्हल ठेवून त्याला बुडबुडा दाखवला.

गायकवाड शांतपणे म्हणाला, "दादा, झडप सरळच आहे. बिल्डिंग वाकडी आहे!"

*

कात्रपला भाच्याचं लग्न होतं. मी हॉलच्या किचनमागे उभा राहून धुराचा पाइप बघत होतो. बायको शोधत आली.

"आहेर द्यायला आलोय की सर्व्हिसिंगला?"

काय सांगणार? त्या दिवसांत मला भोईरकाकांच्या प्रकरणाची धास्ती बसली होती.

*

भोईरकाका चामटोलीचे, बदलापूरच्या एका डाइंग युनिटमध्ये बॉयलर ऑपरेटर. दसऱ्यापासून त्यांचं डोकं दुखायचं, उलटीसारखं व्हायचं. मालक म्हणे, वय झालं. मी जाऊन पाहिलं तर दसऱ्याच्या पूजेचा हार, लिंबू-मिरचीसकट, झडपेच्या वजनालाच बांधलेला! त्या भारानं झडप सताड उघडी. चिमणी खोलीतली हवाच ओढत बसलेली आणि बॉयलरचा विषारी गॅस खोलीत. त्याला ना रंग, ना वास.

मी हार काढला तर काका माझ्यावरच भडकले. "पूजेचा हार कुनी उतरवतं का रं?"

"काका, यानं जीव जाईल तुमचा!"

शेवटी मी बॉयलरच्या खोलीतल्या त्यांच्याच देव्हाऱ्यातली उदबत्ती झडपेपाशी धरली. धूर आत ओढला गेला. "असा आत गेला तर ठीक. बाहेर आला तर बॉयलर बंद, आणि सगळे बाहेर. रोज बघायचं."

काकांनी हार उचलून देव्हाऱ्यात ठेवला. ते ऐकतील याची मला खात्री नव्हती, आणि त्यानंतर माझा एकही दिवस धड गेला नाही.

*

मग एका सकाळी काकांचाच फोन. "साहेब, उदबत्तीचा धूर माझ्याच तोंडावर येतोय!"

मी चप्पल न घालताच जिना उतरलो. "बॉयलर बंद केला?"

"केला."

"माणसं?"

"समदी बाहेर काढली."

"आत कोणी राहिलं नाही ना, काका?"

काका हळू आवाजात म्हणाले, "देव ऱ्हायलाय. आनू का?"