मेलेलं हरीण कुणी ओढायचं

माझी आई आठ वर्षांची असताना आमच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. त्याआधी मराठवाड्यातल्या त्या गावात कुणाचंही जनावर मेलं की निरोप वस्तीत यायचा. घरात कुणी तापानं फणफणलेलं असो नाहीतर लग्न असो, आजोबा आणि त्यांचे भाऊ दोरखंड घेऊन निघायचे, जनावर गावाबाहेर ओढत न्यायचे. बदल्यात सुगीला खळ्यावर ज्वारी मिळायची, तीही लांबून पदरात टाकलेली. मग एका संध्याकाळी वस्ती एकत्र बसली आणि ठरलं, बास झालं.

गावानं उत्तर द्यायला वेळ लावला नाही. गिरणीवाल्यानं आमचं दळण घेणं बंद केलं. दुकानात मीठ मिळेना. शेतातून जाणारी वाट काट्या टाकून अडवली. आजी ज्वारी भिजवून पाट्यावर वाटायची. त्या पिठाची भाकरी थापताना हातातच मोडते, हे आई आजही असं सांगते जणू कालच मोडली.

आईची धाकटी बहीण तेव्हा तीन वर्षांची होती. तिला हगवण लागली. तालुक्याला न्यायला गावात कुणी बैलगाडी देईना. एकजण आजोबांना म्हणाला, "आधी पाटलाची म्हैस वढा, मग गाडी न्या." पाटलाची म्हैस गोठ्यामागं मरून पडली होती. आजोबांनी पोरीला खांद्यावर घेतलं आणि चालत निघाले. ती वाटेतच गेली. ते परत आले, तिला माती दिली आणि म्हशीकडं बघितलंही नाही. शेवटी पाटलाच्याच गड्यांनी नाकाला फडकी बांधून म्हशीला बैल लावले.

त्या दिवसापासून आजोबांनी घरातल्या सगळ्या पोरांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: जे गाव वढत नाही ते आपण वढायचं नाही.

मी त्या घरातली पहिली पदवीधर. हे मी मान वर करूनच सांगते, कारण मला ते कुणी वाढून दिलेलं नाही. वसतिगृह, शिष्यवृत्ती, पुण्यातली नोकरी आणि मग कंपनीनं ओहायोला पाठवलं. ज्या शहराच्या कडेला आम्ही राहतो, त्याला ज्या खलाशाचं नाव दिलंय तो भारत शोधायला निघाला आणि भलत्याच्या अंगणात उतरला. आम्ही भारतातून निघालो आणि बरोबर पत्त्यावर पोचलो. तरी ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे आम्हीच आहोत.

या देशाचा इतिहास मला शिकवला तो आमच्या वसाहतीतल्या रस्त्यांनी. एका रस्त्याला लांडग्यांच्या टेकडीचं नाव आहे. लांडगे शेवटच्या पिल्लापर्यंत मारून झाले. दुसऱ्याला ओकच्या राईचं. तिथं आता एकसारखी घरं आहेत आणि दर घरापुढं काठीला बांधलेलं एक रोपटं. राज्याचं नावच इथल्या मूळ माणसांच्या भाषेतलं आहे. शब्द ठेवून घेतला, माणसं करारावर अंगठे घेऊन हाकलली. आधी मारायचं, मग त्याच्या नावाची पाटी लावायची, आणि पाटीभोवती फुलझाडं. हरणंही एकदा इथून संपवली होती. मग आणून परत सोडली. लांडगा उरला नाही, म्हणून हरणं वाढली. आता त्यांना मारायचं काम मोटारी करतात.

आई त्या वर्षी सहा महिन्यांसाठी आली होती. ऑक्टोबर संपत आला होता. या दिवसांत नर हरणं माद्यांच्या मागं बेभान होऊन रस्त्यावर येतात. एका सकाळी असाच एक मोठा नर रस्त्यावर धडक खाऊन, लंगडत लंगडत आमच्या क्लबहाउसमागच्या तळ्याकाठी येऊन पडला आणि मेला. क्लबहाउस म्हणजे सोसायटीचा हॉल. सोसायटी म्हणजे इथल्या घरमालकांची असोसिएशन, आम्ही मराठी लोक तिला सोसायटीच म्हणतो. त्याच हॉलमध्ये शनिवारी आमचा दिवाळीचा फराळ होता.

नगरपालिकेला फोन केला तर उत्तर आलं, जनावर रस्त्याच्या कडेला आणून ठेवा, आमची गाडी उचलेल. खाजगी जागेत आम्ही पाऊल टाकत नाही. तळ्यापासून रस्ता म्हणजे एक हिरवळ ओलांडायची, बस. पण ती हिरवळ ओलांडून त्याला ओढायचं कुणी? ते कुणाचंच काम नव्हतं. मेलबॉक्स कोणत्या रंगाचा असावा याचा आमच्या सोसायटीत नियम आहे, गवत किती वाढू द्यायचं याचा आहे. मरणाचा नव्हता.

ऊन अवेळी कडक होतं. दुसऱ्या दिवशी हरणाचं पोट फुगलं. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला.

त्या संध्याकाळी आमच्याकडं काका आले; नात्यातले नव्हेत, वसाहतीतले सगळे मराठी लोक त्यांना काकाच म्हणतात. वसाहतीच्या फाटकाजवळचं एक नंबरचं घर त्यांचं, हे ते भेटेल त्याला सांगतात. पुण्याचे, पंचवीस वर्षं इथं. माणूस वाईट नाही. आमच्या पहिल्या हिवाळ्यात बर्फ काढायचं फावडं त्यांनीच आणून दिलं होतं. बैठकीतल्या बुद्धाच्या मूर्तीकडं एकदा बघून ते सोफ्याच्या कडेवर टेकले.

"शनिवारी पोरं येणार, लोक येणार," ते म्हणाले. "वासानं कुणी चकली तोंडात घालणार नाही. म्हटलं, तुमचे मिस्टर एकदा बघतील का? आणि मावशी आहेतच सांगायला. म्हणजे, तुम्हा लोकांना सवय असते ना. गावाकडची."

मी तोंड उघडायच्या आत आई आतून बाहेर आली. लसूण सोलत होती, सोललेला हातातच होता.

"होती सवय," ती म्हणाली. "सोडली. आता तुम्ही लावून घ्या."

"अहो मावशी, मी तसं नाही म्हटलं."

"तुम्ही कसं म्हटलं ते ऐकू आलं मला. कान चांगलेत माझे."

काका चहा न घेता गेले. दार लागल्यावर नवरा म्हणाला, "यार, जाऊ दे ना. पाच मिनिटांचं काम आहे. ताडपत्री घेतो, ओढतो, विषय संपला." तो नागपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला. त्याच्या घरात हे काम त्याच्या आज्याच्याही आधी सुटलं होतं. त्याच्या नाकाला फक्त वास येत होता.

आई त्याच्याकडं वळली. तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

"जावईबापू, त्याला तुमचा हात लागला तर माझं तिकीट काढा. तुमच्या हातचं पाणी पिऊन मला इथं ऱ्हाता यायचं नाही."

त्यानं ताडपत्रीचा विषय सोडला. हे हरीण आणि तिची ती बहीण तिच्या मनात शेजारी शेजारी पडलेली होती, हे तिनं सांगायची गरज नव्हती. तिनं इथून तसं परत जाणं म्हणजे मी शिकून, नोकरी करून, घर घेऊन काय केलं, याचं उत्तर झालं असतं. अमेरिकेत जाऊनही लेकीनं शेवटी दोरखंडच धरला.

शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीनं हॉलमध्ये तातडीची सभा बोलावली. खिडक्या बंद करून. अध्यक्ष म्हणजे दोन नंबरच्या घरातली गोरी बाई. तिच्या हिरवळीवर एक पाटी आहे, इथं सगळ्यांचं स्वागत आहे अशी. आईला मी तिचा अर्थ सांगितला होता तेव्हा आईनं विचारलं होतं, "मग पडदे का लावलेले असत्यात गं?" सभेला आईही आली होती. मागच्या खुर्चीवर, शाल घेऊन, शब्द न कळता सगळं कळत असल्यासारखी.

अध्यक्षबाई म्हणाल्या, व्हॉलंटिअर हवेत. व्हॉलंटिअर हा या देशाचा फार लाडका शब्द. कुणावर सक्ती नाही, सगळे मोकळे. मग सगळे मोकळे लोक आपापल्या बुटांकडं बघत बसले. मोकळ्या माणसांच्या देशाची पायाभरणी करणाऱ्यांनीही स्वातंत्र्यावर सुंदर लिहिलं आणि मळ्यावरचं काम गुलामांवर सोपवलं. घाण कामाच्या वेळी स्वातंत्र्य कुणीकडं तोंड करून बसतं, ते मी त्या हॉलमध्ये बघितलं.

कुणीतरी सुचवलं, गवत कापायला ट्रकमधून येतात त्या माणसांना सांगू. स्पॅनिश बोलणारी ती माणसं आठवड्यातून एकदा येतात. त्यांची नावं इथं कुणाला माहीत नाहीत. अध्यक्षबाईंचा चेहरा उजळला. "हे बरं होईल," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "त्यांना सवय असते अशा गोष्टींची."

एकाच आठवड्यात तेच वाक्य मी दोन भाषांत ऐकलं. मी काकांकडं बघितलं. काका छताकडं बघत होते.

माझ्या डोक्यात आजोबांचं बोलणं आलं. जे गाव वढत नाही ते आपण वढायचं नाही. लहानपणापासून ते मी नकार म्हणूनच ऐकत आले होते. त्या बंद खिडक्यांच्या हॉलमध्ये मला पहिल्यांदा वाटलं, त्यात एक मागणीही होती. गावानं वढावं. गाव वढेल तर आपणही वढू.

मी उठले. या देशात मला मत नाही. पण सोसायटीत आहे, कारण घर माझ्या नावावर आहे. इथल्या पहिल्या निवडणुकांत बहुतेक ठिकाणी जमीन असलेल्यांनाच मत होतं. म्हणजे मी त्या जुन्या अमेरिकेची नागरिक झाले, जिनं माझ्यासारखीला दारात उभं केलं नसतं. म्हटलं, वापरून तरी बघू.

मी म्हणाले, व्हॉलंटिअर नको. गवतवाल्यांनाही नको, ते गवत कापायला येतात. वसाहतीत जनावर मेलं की घरांच्या नंबरानं पाळी लावा. एका वेळी दोन घरं. हातमोजे आणि ताडपत्री सोसायटीनं ठेवायची. म्हातारं, आजारी कुणी असेल तर त्याच घरातल्या दुसऱ्यानं यायचं. पैसे देऊन बदली माणूस पाठवता येणार नाही. या वेळी सुरुवात एक आणि दोनपासून.

"दॅट्स नॉट फेअर," काका म्हणाले. मग मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं, "माझ्यापासूनच का?"

"तुमचा नंबर एक आहे, काका. तुम्हीच सगळ्यांना सांगता ना."

मतदान झालं. ठराव मोठ्या फरकानं मंजूर झाला. लोकशाहीवर माझा विश्वास आहे, पण त्या दिवशी ती का जिंकली ते मला पक्कं माहीत आहे. प्रत्येकाला आपला नंबर लांब वाटला.

घरी येताना आईला सगळं समजावलं. आपलीही पाळी येणार, हेही सांगितलं. न सांगता चाललं नसतं. आमच्या दारापाशी आल्यावर ती म्हणाली, "सगळ्यांसंगं वढायला माझी ना नाही. एकट्यानं वढायला आहे. बापाचं बी तेच म्हणणं होतं."

शनिवारी सकाळी काका आणि अध्यक्षबाई तळ्याकाठी गेले. काकांनी तोंडाला मास्क बांधला होता, वर मफलर. दोघांनी ओढायला सुरुवात केली तेव्हा शिंगं गवतात रुतली आणि हरीण अर्धं वळून पडलं. पोटातून पाणी वाहिलं. अध्यक्षबाई रडायला लागल्या. आई आमच्या मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती. मेलेलं जनावर कुठं धरायचं, कसं वळवायचं, हे तिनं लहानपणी कितीदा तरी बघितलं होतं. तिनं तोंड उघडलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यांना फार वेळ लागला. हिरवळीवर एक काळपट ओली रेघ उमटली, ती बर्फ पडेपर्यंत दिसत होती. रस्त्याच्या कडेला पोचल्यावर काका मफलर ओढून वाकले आणि ओकले.

"पाणी दे त्यांना," आई म्हणाली.

मी आमच्या घरातला तांब्या भरून नेला. काकांनी चूळ भरली, मग उरलेलं घटाघटा प्यायले. माझ्याकडं न बघता तांब्या परत दिला.

दुपारी फराळ झाला. काका आले नाहीत. नंतरही ते आमच्याशी बेतानंच बोलतात. बर्फ पडलं की फावडं मागायला आता मी जात नाही, माझं आहे. आई ठरल्या दिवशीच परत गेली, त्याआधी एक दिवसही नाही. जाताना विमानतळावर तिनं जावयाच्या हातून पाण्याची बाटली घेतली आणि सगळ्यांसमोर अर्धी संपवली.

आमच्या घराची पाळी गेल्या मार्चमध्ये आली. एक रकून होता, मांजराहून थोराड असा इथला रानटी प्राणी, फाटकाजवळ मोटारीखाली आलेला. एका बाजूनं मी धरला, दुसऱ्या बाजूनं शेजारच्या घरातल्या डॉक्टरनं. त्याच दिवशी आईला फोन करून सांगितलं. तिनं विचारलं, "दुसरं कोण होतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं."

नियम सोसायटीच्या पुस्तकात छापला आहे, मेलबॉक्सच्या रंगाच्या खाली. आमच्या वसाहतीत बेचाळीस घरं आहेत, आणि मेलेलं जनावर उचलायची पाळी बेचाळीस घरांवर येते.