चिप बसवलेले रोहू

नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला एक मत्स्यबीज केंद्र आहे. त्याच्या मालकाशी माझं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. त्यात माझी चूक होती, ती मी लपवणार नाही. पण म्हणून मी त्यांना माफ केलंय असं कुणी समजू नये.

मी तेव्हा माशांच्या पैदाशीच्या एका प्रकल्पात होते. रोहूच्या नर-माद्या जाळ्यात धरायच्या, पंखाचा नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटच्या कुपीत टाकायचा आणि पाठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची, म्हणजे तो मासा पुढे नंबरावरून ओळखता येतो. प्रयोगशाळेत त्या तुकड्यातून माशाची जनुकं वाचायचे. कुणाची पिल्लं लवकर वाढतील, कुणाची रोगाला टिकतील, याचा अंदाज त्यावरून यायचा. मग त्यांच्याच जोड्या लावायच्या.

मालक साठीचे होते आणि उभा जन्म त्यांनी नुसत्या नजरेनं मासे निवडले होते. पहिल्याच दिवशी एक धिप्पाड नर दोन्ही हातांवर तोलून ते म्हणाले, "ह्याला बघा. ह्याच्यासाठी कागद लागतो व्हय?"

"लागतो, काका," मी म्हणाले.

"पंख कापून गुन कळत्यात! लई शिकलात तुमी."

तरी त्यांनी मासे धरू दिले. ते मी मान्य करते.

चार महिन्यांनी अहवाल आला. त्यांचे लाडके, अंगानं मोठे नर-मादी जवळजवळ सगळे एकाच जोडीपासून जन्मलेले निघाले. त्यांचाच आपसात संकर चालू राहिला तर बीज पिढीगणिक कमकुवत होणार होतं. प्रयोगशाळेनं निवडलेले बारा मासे अगदीच मध्यम चणीचे होते. मी कागद घेऊन गेले, तेव्हा केंद्रावर बीज, म्हणजे माशांची पिल्लं, न्यायला आलेले पाच-सहा शेततळेवाले उभे होते. मला त्या नराची आणि त्या टोमण्याची आठवण होती. मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "काका, तुमची ही सगळी भावंडं आहेत. नजरेला एवढं दिसलं नाही?"

लोक हसले. एक जण म्हणाला, "म्हंजी आमी भावाबहिनीचं बीज नेत हुतो का?"

मालक जाळं खांद्यावर टाकून शेडमध्ये गेले.

त्यानंतर फाटकाला कुलूप असायचं. आत ते दिसत असत, पण मला तासतास उन्हात उभं करत. कधी म्हणत मोटर बिघडलीय, तळ्याचं पाणी उतरवून मासे धरता येत नाहीत. एकदा आमच्या जीपच्या ड्रायव्हरला आत बोलावून चहा दिला आणि मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मीही हट्टाला पेटले. मुद्दाम दर आठवड्याला जायचे.

प्रजननाचा हंगाम तोंडावर आला होता. नेवाशाच्या बाजारात मासे विकणाऱ्या एका बाईनं मला हाक मारली. मी नेहमी तिच्याकडूनच मासे घ्यायचे. कापताना सापडलेला काचेचा दाणा तिनं तळहातावर धरला होता.

"मॅडम, हे काय हाय? गिऱ्हाईक म्हनतंय, मी माशात काच घालते. चार लोकांत भांडून गेलं."

माझ्या पिशवीत चिप वाचायचं यंत्र होतं. ते दाण्यावर धरलं. नंबर उमटला. बारातल्याच एका मादीचा होता.

"हा मासा कुठून आणलास?"

तिनं नदीकाठच्या त्याच केंद्राचं नाव घेतलं. त्या आठवड्यात तिथून आणखी मासे आले होते, ते विकूनही झाले होते.

मी तशीच तिथं गेले. फाटक उघडं होतं. मालक बांधावर बसले होते.

"निवडलेले मासे बाजारात घातले तुम्ही?"

"माजे मासे हायेत. पंख कापला म्हनून तुमचे झाले का?"

"एवढं मोठं काम मातीत घातलंत!"

ते उठले. "आन तुमी माजं काय घातलं? ज्यांना मी बीज दिलं, त्यांच्याम्होरं मला येडा ठरवलं. मला बाजूला घिऊन सांगितलं असतं, तर मी ऐकलं न्हसतं का?"

ऐकलं असतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्या क्षणी मात्र मला फक्त राग आला. "तुम्ही मत्सरी आहात," एवढं बोलून मी निघाले.

बारातले तीनच उरले होते, आणि तिन्ही नर. प्रकल्प बेलापूरकडच्या दुसऱ्या केंद्रावर हलवला. तिथं पहिला अहवाल आला, तेव्हा मी तिथल्या मालकाला खोलीत एकट्याला बसवून सांगितलं.

गेल्या वर्षी नगरला मत्स्यशेतीच्या मेळाव्यात ते दिसले. त्यांच्या बीजाची वाढ खुंटलीय, असं माझ्या कानावर आलं होतं आणि ऐकून मला बरं वाटलं होतं. मी दोन पावलं त्यांच्याकडे गेले. त्यांनी शेजारच्याला मोठ्यानं सांगितलं, "हीच ती बाई. हिला तळ्यावर येऊ दिऊ नका."

मी वळले आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडले.