पाचवीचा वरवंटा

आमच्या घरात एक वरवंटा आहे, त्यानं अठरा वर्षं मिरचीचं तोंड पाहिलं नव्हतं. देव्हाऱ्याखाली कुंची घालून दुपट्यात निजलेला असायचा. पाहुण्याबाया विचारायच्या, हे काय गं? मी म्हणायची, माझी थोरली. मग कुणी दुसऱ्यांदा चहासुद्धा मागायचं नाही.

शेलार गावाच्या पुढे आमचं गाव. घरामागं लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं शेड, दिवसरात्र खटखट. माझी लेक सातवा लागता लागताच झाली. तळहातावर मावेल एवढी, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. तिला ठाण्याच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं आणि मी बाहेर बाकड्यावर. इकडे घरी पाचवीची रात्र आली. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. बाळच घरात नाही म्हटल्यावर ती तशीच परत जाईल, पोर बिनलिहिलेली राहील, म्हणून सासूनं वरवंट्याला कुंची घातली, कुंकू लावलं आणि पोरीच्या जागी निजवला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली तेव्हा मोठ्या कौतुकानं सांगायला लागली.

माझं डोकं फिरलं. अंगात त्राण नव्हतं, पण तोंडात होतं. म्हटलं, म्हणजे माझ्या पोरीचं नशीब तुम्ही दगडावर लिहून घेतलंत. सासूचा चेहरा खर्रकन उतरला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. काचेकडं बघत ती हळूच म्हणाली, "मंग आता दोघींना जपाया लागल."

पोर घरी आली, पण श्वास घ्यायचं विसरायची. तळपायावर टिचकी मारा, की आठवेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी डोळ्यात तेल घालून बसायची. त्यात लाइट गेली की मागचे लूम एकदम गप्प व्हायचे. त्या शांततेत तिचा श्वास ऐकू यावा म्हणून मी माझा रोखून धरायची.

सासू मात्र पाळण्याकडं फिरकायची नाही. देव्हाऱ्याशी बसून वरवंट्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "हाय, श्वास हाय." कधी नुसतं म्हणायची, जा, बघ. मी धावायची, तर पोर निळी पडलेली. टिचकी मारली की ट्यँहँ करायची. म्हातारी एकदाही चुकली नाही. मला तिचा राग यायचा, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटायची.

पोर उशिरा चालली, उशिरा बोलली, आणि मग बोलायची थांबलीच नाही, माझ्यावरच गेली. जाड भिंगांचा चष्मा, औषधं तर पाचवीलाच पुजलेली. थंडी पडली की छाती भरायची. सासू गेली, त्याआधी तिनं माझा हात ओढून वरवंट्यावर ठेवला. मी म्हटलं, असला खुळेपणा मी करणार नाही. दुसऱ्या दिवसापासून करायला लागले. एकदा भर हिवाळ्यात, कोरड्या दुपारी, दगडाला घाम फुटलेला दिसला. अनवाणीच शाळेत पळाले. तिथं पोर बाकावर आडवी, आणि बाई तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या. त्यानंतर मला समजावण्याच्या भानगडीत घरात कुणी पडलं नाही.

यंदा तिला पुण्याला कॉलेज मिळालं. होस्टेलात राहायचं. पाठवणार नाही म्हटलं, तर तिनं अबोला धरला, आणि ती गप्प बसली की मला आजही कसंतरी होतं. शेवटी मी हरले. एकच अट घातली, वरवंटा बरोबर न्यायचा. तिथं त्याच्यावर हात ठेवणारं कुणी नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण तो तिच्यापासून लांब राहिला तर काय होईल ही धास्ती मोठी होती.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्यासाठी चादर घ्यायला निजामपुऱ्याच्या बाजारात गेले होते. परत आले तर लाइट गेलेली, लूम गप्प. दारातच आवाज आला, दगडावर दगड घासल्याचा. लेक पाट्याशी बसली होती. कुंची बाजूला नीट घडी करून ठेवलेली, आणि ती सुक्या मिरच्या, लसूण, जाडं मीठ वाटत होती. त्याच वरवंट्यानं, आपल्या त्या काडीसारख्या हातांनी, सगळा जोर लावून.

"याच्यावर जे लिहिलंय ते वाटून टाकलं, आई. आता ओझं न्यायला नको."

मी उंबऱ्यावरच बसले. श्वास कधी रोखला ते कळलं नाही, आणि आता सोडायचा कसा ते आठवेना. डोळ्यांपुढं अंधारी आली. ती उठली, माझ्या पायाशी बसली आणि तिनं माझ्या तळपायावर टिचकी मारली. जोरात. मला हुंदका फुटला, मग मिरचीच्या खकाण्यानं खोकला.

जेवायला भाकरी आणि ती चटणी. दाताखाली बारीक कचकच लागत होती, दगडाची. घास थुंकावा असं वाटलं. लेक चष्म्यातून माझ्याकडं बघत शांतपणे चावत होती. काय लिहिलं होतं, चांगलं का वाईट, देव जाणे. मी गिळलं.

अजून घे, ती म्हणाली. मी घेतली.