भेगांवर काच लावणाऱ्या सुमतीबाई

मी पाड्यावरच्या शाळेत तिसरीला असताना सुमतीबाई बदलापूरहून आमच्याकडे आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं, कारण पाटी घरी राहिली असं मी खोटंच सांगितलं होतं. तो राग मी वर्षभर धरला. बाईंना पंचाहत्तर पूर्ण होत असताना या गौरवग्रंथात ते कबूल करायला हरकत नाही.

आमच्या डोंगराखालून रस्त्याचा बोगदा निघाला तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. रोज दुपारी दोनला जमिनीखाली सुरुंग उडायचे. आवाज फारसा नसायचा; हंड्यातलं पाणी नुसतं थरथरायचं, आणि मांजर त्याआधीच बाहेर जाऊन बसायची. एका सकाळी विहिरीत कळशी सोडली तर दोर संपला, पाणी लागलं नाही. खालून गार वारा वर येत होता. सासूबाई म्हणाल्या, विहिरीला खालून दार फुटलं. मी घाबरले, खोटं कशाला सांगू.

घराच्या भिंतींना भेगा पडल्या. भिंत अंगावर यायच्या आत आम्हाला हलवा, एवढंच आमचं मागणं होतं. बोगदेवाले म्हणत, भेगा जुन्याच आहेत. बाईंच्या कानावर हे गेलं आणि त्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या घेऊन आल्या. प्रत्येक भेगेवर त्यांनी आडवी काच प्लास्टरने चिकटवली, शेजारी तारीख लिहिली. भेग रुंदावली की काच तडकणार. आठवड्यात निम्म्या तडकल्या.

आणि मग आम्ही माती खाल्ली. तपासणीचे साहेब येणार, पाहुण्यांना घर कसं दिसेल, म्हणून आम्ही बायकांनी आदल्या दिवशी भिंती झकास लिंपून काढल्या. काचा, तारखा, भेगा, सगळं आत गेलं. बाई दारात उभ्या राहून भिंतीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

"मंदा, चहा टाक," त्या म्हणाल्या. "साहेब दोनपर्यंत बसले पाहिजेत."

दोनला दोन मिनिटं असताना बाईंनी साहेबांना भिंतीला तळहात लावायला सांगितला. बशीत कप वाजला. साहेबांच्या बोटांखालचं लिंपण जमिनीपासून आढ्यापर्यंत सावकाश उकललं, आणि भिंतीच्या आतून काच तडकल्याचा बारीक आवाज आला. साहेबांनी हात काढून घेतला.

"आधी सगळे बाहेर चला," ते हळूच म्हणाले.

बाई सगळ्यांत शेवटी बाहेर आल्या, माझ्या सासूबाईंचा हात धरून. पावसाळ्याआधी आम्हाला खालच्या सपाटीला घरं मिळाली. विहीर काही भरली नाही, टँकर येतो. बाई अजूनही रविवारी येतात, पोरांची गणितं तपासतात आणि माझ्या चहाला नावं ठेवतात.

गेल्या महिन्यात डोंगरापलीकडच्या पाड्यावरची एक बाई माझ्याकडे सुमतीबाईंचा पत्ता विचारत आली. तिचं लहान मूल आता जमिनीवर निजायला तयार नाही. बोगदा तिथवर पोचला आहे. बाईंनी ऐकून घेतलं आणि पहिली एसटी कितीची ते विचारलं.

त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि गुडघे धड राहोत. त्या पाड्याला चढ फार आहे.