अर्ध्या खोलीचे छत

मामा गेल्याची तार वर्तमानपत्राच्या कचेरीत आली तेव्हा हाताखाली बाजारभावांचा मजकूर होता. तो पुरा करून नागपूर सोडले, गोंदियाला गाडी बदलली, अर्जुनीला उतरून बैलगाडी केली. केशोरीच्या अलीकडच्या त्या गावी पोचलो तोवर सगळे उरकले होते. मामीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "कोपऱ्यातल्या फळ्याइले हात नोको लावू, बापू. पालटाच्या रायल्या आहेत." नवरा जाऊन दोन दिवस झालेली बाई फळ्यांबद्दल का बोलते, हे कळले नाही. आज काही आठवड्यांनी लिहितानाही ते नीट कळले आहे असे म्हणवत नाही.

मामांचे घराणे तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांचे. पाणी कुठे थांबेल आणि कुठून पाझरेल हे त्यांना पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालतानाच समजे. मामीला दमा होता. कवेलूच्या कौलारू छपरावर वानरे उड्या मारत, माती खाली पडे आणि रात्रभर तिला धाप लागे. डॉक्टरांनी कवेलूंच्या खाली लाकडी छत घालायला सांगितले. सागाच्या फळ्यांचे वजन जुन्या आढ्याला पेलणारे नव्हते, म्हणून लढाईच्या आधी मामांनी गोंदियाहून प्लायवूड आणले. पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेले ते लाकूड गावाने तोवर चहाच्या पेटीलाच पाहिले होते. मामांनी खोलीला पुरेल एवढे मोजून आणले आणि आमच्याकडे कोणत्याही नव्या लाकडाचे करतात तेच त्याचे केले. बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, बुडवले. साग असो की बांबू, पावसाळाभर पाण्यात राहिला की त्याला कीड लागत नाही. मात्र हे लाकूड हलके, तरंगून वर येई. दाबायला दगड पुरले ते निम्म्या फळ्यांना. उरलेल्या फळ्या घरातच राहिल्या.

पावसाळ्यानंतर बुडवलेल्या फळ्या बाहेर काढल्या तेव्हा मी तिथे होतो. सरस विरघळून थर सुटे झाले होते आणि हातात पापुद्रे येत होते. काठावर उभ्या मामीने एक उचलून पाहिला. "लाकडाची भाजी केली तुमी. आता मीठ टाका." मामाही हसले.

पुढे लढाई सुरू झाली आणि तसला माल येणे बंद झाले. उरलेल्या फळ्या मामांनी ज्या रीतीने सांभाळल्या तशी आमच्या घरात धान्याचीही काळजी कोणी घेतली नसेल. जमिनीवर सारख्या जाडीचे दांडे आडवे टाकले, भिंतीपासून हातभर दूर. त्यांवर फळ्या आडव्या रचल्या. उभी टेकवली की फळी पोटात वाकते, असे त्यांचे म्हणणे. कडांना लाखेचा हात दिला. "पाळ मधातून नाही फुटत, कडेनं पाझरते," ते म्हणत. वर एक टाकाऊ फळी आणि त्यावर जुन्या कापडाचा सैल धडपा, बाजू वाऱ्याला मोकळ्या. पावसाळा सरला की खालच्या वर, वरच्या खाली.

आणि एवढे करून त्या लावल्या मात्र नाहीत. निम्म्या खोलीला, म्हणजे मामीच्या बाजेवर, त्या सहज पुरल्या असत्या. शेजारचे वृद्ध पाटील दारात उभे राहून विचारत, "का गा, फळ्याइले हवा दाखवून रायला अन् बाईले धूळ?" मामा ऐकून घेत. मी एकदा सरळ विचारले, तेव्हा म्हणाले, "अजून बसल्या नाहीत त्या." मी फळीला पट्टी लावून पाहिली. कुठेही बाक नव्हता.

तेरावे झाल्यावर मामीला तेच विचारले.

"मीच नाही म्हटलं," ती म्हणाली. "माती त्याइच्या तोंडावर पडन, अन् मी छताखाली मजेत झोपू? लावाची तं दोघांवर लावा."

"मग मामा लोकांची बोलणी का खात होते?"

"ते मले कायले विचारतोस? ते सांगत नव्हते, मी विचारत नव्हती."

तिच्यासाठी थांबले, की बोडीतली चूक अर्ध्या छताने रोज डोळ्यांसमोर राहिली असती म्हणून? दोन्ही उत्तरे खरी वाटतात, आणि दोन्ही एकत्र बसत नाहीत.

मामीची धाप यंदा वाढली आहे. आता एकच बाज झाकायची होती, म्हणून निघण्याआधी सुतार बोलावला. त्याने धडपा काढला, फळी वाजवली आणि म्हणाला, "काल आणल्यासारखी आहे." मी मामीच्या बाजेकडे बोट दाखवले.

"तिकडं नाही," मामी म्हणाली. "त्याइच्या बाजेवर लाव."

सुताराने माझ्याकडे पाहिले. मी मामीकडे. ती आत चहा ठेवायला गेली होती.

संध्याकाळपर्यंत मामांच्या रिकाम्या बाजेवर छत झाले. सपाट, एकसारखे. तिने त्याखाली तरी झोपावे म्हणून मी तिचे अंथरूण तिकडे नेले. ते तिने परत आपल्या बाजेवर घातले, कवेलूंच्या खाली. कोपऱ्यात दांडे तेवढे उरले होते, भिंतीपासून हातभर दूर. जागा मोकळी होईल म्हणून मी ते उचलायला वाकलो.

"राहू दे," मामी खोकत म्हणाली. "लढाई सरली नं आता. बाकीच्या फळ्या आल्या तं कायच्यावर ठेवू?"

मी दांडे होते तिथेच ठेवले. सकाळी निघालो तेव्हा ती त्यांच्या भोवतीने झाडत होती.