आईची टोपी

व्हर्लीन गॅडिस अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि अजून आईला टरकते. नऊ वर्षं तिच्या सहलींची बस मी चालवतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

मिसिसिपीतलं आमचं गाव बघायला लांबून माणसं येतात. आधी यादवी युद्धाची टेकडी. गुलामी टिकवायला लढलेल्यांच्या तोफा, पुतळे. व्हर्लीन तिथं पाच मिनिटं देते. "हे लढले, हे हरले. चला, बसा गाडीत." कुणी कुरकुरला तर म्हणते, "बाबा रे, त्यांना हरायला चार वर्षं लागली. तुला ऐकायला पाच मिनिटं पुरेत."

मग बाजारातलं जुनं दुकान, आता तिथं संग्रहालय आहे. तिथल्या खाण्याच्या काउंटरवर फक्त गोऱ्यांनी बसायचं, असा दंडक होता. १९६१ साली आमची पाच काळी पोरं जाऊन बसली. जमावानं त्यांच्या डोक्यावर साखर ओतली, केचप ओतलं. पोरं हलली नाहीत. त्यांचा पाठमोरा फोटो भिंतीवर आहे. खाली चार नावं, आणि पिसांची मोठी टोपी घातलेली पाचवी 'अज्ञात मुलगी'.

ती व्हर्लीनच. घरी थाप मारली होती, चर्चमध्ये गाण्याचा सराव आहे म्हणून. टोपी आईची, न विचारता उचललेली. आमच्याकडे बाईच्या रविवारी चर्चला घालायच्या टोपीला हात लावणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं! बरबटलेली टोपी तिनं नदीत फेकली. 'टोपी चोरीला गेली' म्हणून आईनं गावभर बोंब ठोकली, आणि व्हर्लीनचं तोंड जे शिवलं गेलं ते गेलंच. बाकी चौघांनाही तिनं शपथा घातल्या.

"नाव लागावं असं वाटत नाही तुला?" मी एकदा विचारलं.

"रोज वाटतं रे, रुफस. पण आई जिवंत आहे."

आणि गेल्या मे महिन्यात चर्चच्या बायकांच्या सहलीत आईच आली. ओराबेलबाई, वय सत्त्याण्णव, चाकाच्या खुर्चीत. टेकडीवर व्हर्लीननं चक्क तासभर तोफा दाखवल्या. मग म्हणाली, "दुकान आज बंद आहे हं."

मी बस थेट दुकानाच्या दारात उभी केली. "उघडं आहे की!" व्हर्लीननं माझ्याकडे असं पाहिलं की बस. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

ओराबेलबाईंनी फोटोसमोर चष्मा पुसला. "ही माझी टोपी."

"आई, मी..."

"गप! त्या संध्याकाळी तुझ्या कॉलरला केचप होतं. गाण्याच्या सरावाला केचप लागतं होय गं?"

व्हर्लीननं नकळत कॉलर चाचपली.

"सगळा गाव ती टोपी ओळखायचा. दुकानात पेपरवाल्यांनी फोटो काढल्याचं गावभर झालं होतं, टोपीवरून तुला हुडकून काढलं असतं. म्हणून त्याच रात्री शेरीफच्या दारात जाऊन बोंबलले, टोपी चोरली म्हणून. दुसऱ्या दिवशी, मी जिच्या घरी कामाला होते ती गोरी मालकीण पेपर नाचवत आली. म्हटलं, होय बाईसाहेब, हीच ती चोरटी, धरा तिला!"

"मग मला का नाही बोललीस?"

"तू कबूल करशील म्हणून वाट बघत होते. बासष्ट वर्षं! हट्टी कार्टी."

मग म्हातारीनं काचेवरून बोट फिरवलं. "पाठ बघ कशी ताठ ठेवलीय माझ्या पोरीनं," म्हणाली आणि रडायला लागली. व्हर्लीनही रडली. मीही रडलो.

आता फोटोखाली पाचवं नाव आहे: व्हर्लीन गॅडिस, वय सोळा. त्याखाली ओराबेलबाईंनी हट्टानं आणखी एक ओळ लिहून घेतली: 'टोपी तिच्या आईची. अजून परत मिळालेली नाही.'